रिपोर्टातली एक ओळ

बदलापूरला आमच्या इमारतीत एक काका राहतात. अंबरनाथच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. नावं, चेहरे, जुने हिशोब सगळं पाठ. पण हल्ली हातातलं काम मध्येच सुटतं. आधण ठेवतात, साखर घालतात आणि पुढे काय ते सुचेना म्हणून ओट्याशी उभे राहतात. काकू म्हणतात, "वय झालं, दुसरं काय!"

त्यांच्या फायली उल्हासनगरच्या एका साडीच्या दुकानाच्या पिशवीत आहेत. त्यात नऊ वर्षांपूर्वीचा टूडी इकोचा रिपोर्ट सापडला. खाली लिहिलेलं : इजेक्शन फ्रॅक्शन 60 टक्के. आपल्याकडे इको झाला की घरचे एकच विचारतात, "पंपिंग किती?" साठ ऐकून सगळे निर्धास्त झाले होते. त्याच्या वर एक ओळ होती : 'कॉन्सेंट्रिक एलव्हीएच', भिंत 13 मिलिमीटर. तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही.

हृदयाच्या डाव्या जवनिकेची भिंत साधारण दहा मिलिमीटरपर्यंत असते. वाढलेल्या रक्तदाबाविरुद्ध वर्षानुवर्षं रक्त ढकलावं लागलं की ती जाड होते; रिपोर्टातलं एलव्हीएच ते हेच. तालमीतल्या दंडासारखं हे कौतुकाचं नाही; जाड भिंत ताठर होते, सैलावायला वेळ घेते. दाबाने महाधमनीही ताठर होते. मग सोसायटीची मोटर सुरू झाल्यावर जुना पाइप थडथडावा तसा प्रत्येक ठोका थेट बारीक वाहिन्यांवर आदळतो. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी वीसेक टक्के एकटा घेतो. त्यामुळे त्याच्या वाहिन्यांत रक्त सतत आणि जोरात वाहतं. मार तिथे बसतो. पक्षाघात न होताही मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात बारीक इजा साठत जातात. त्यात आधी जाते ती आठवण नव्हे, कामाची जुळणी. काकांचं आधण तसंच.

जाड भिंत असलेल्यांची बौद्धिक चाचण्यांतली कामगिरी सरासरीने कमी दिसते, हे अनेक पाहण्यांत आढळलं आहे. पण म्हणून भिंतच बुद्धी खाते असं म्हणणं घाईचं. दोघांचा बाप बहुधा एकच, रक्तदाब. भिंत ही त्याने मागे ठेवलेली खूण. बीपी दवाखान्यात एका क्षणाचं मोजलं जातं, भिंतीत मात्र वर्षांचा हिशोब असतो.

ईसीजीवरून ही जाडी ओळखण्याचा सोकोलो आणि लायन यांचा निकष 1949 चा. कल्याणच्या लष्करी छावणीतल्या निर्वासितांच्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं तेही त्याच वर्षी. योगायोगच, पण छावणीत जन्मलेली पहिली मुलं आता पंचाहत्तरीपुढे आहेत, आणि विसरण्याच्या तक्रारी याच वयाच्या.

औषधाने फरक पडतो का? अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीत, पन्नाशीपुढच्या नऊ हजारांवर माणसांत, वरचा दाब 140 ऐवजी 120 च्या खाली ठेवायचं उद्दिष्ट ठेवलं. 2019 च्या निष्कर्षात सौम्य बौद्धिक घट 19 टक्क्यांनी कमी दिसली. स्मृतिभ्रंशाबाबत मात्र ठाम फरक निघाला नाही. म्हणून कुणी आपणहून गोळ्या वाढवून 120 गाठायला जाऊ नये. म्हाताऱ्या माणसाला चक्कर येऊन खुब्याचं हाड मोडायला वेळ लागत नाही.

आमच्याकडची अडचण वेगळीच आहे. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर, आणि लोकलला संडास नाही. बीपीच्या काही गोळ्यांनी सारखी लघवी लागते. मग माणूस गोळी रविवारपुरतीच ठेवतो. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सपाट चमचाभर. आमच्याकडे तेवढं लोणच्या-पापडातच संपतं. आणि उल्हासनगरी सिंधी पापडाला नाही म्हणणारा मी तरी पाहिला नाही.

काकांचं बीपी गेल्या महिन्यात मोजलं : 168 वर 94. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. काकूंनी कालनिर्णयवर रोज फुली मारायची असं ठरवलं, पण पेन काकांच्या हाती दिलं. परवा सोमवारी गेलो होतो. मंगळवारवर, बुधवारवर फुल्या होत्या. सोमवार कोराच होता.