वर्तणूक : चांगली

‘वर्तणूक : चांगली’ असे आपल्याबद्दल कुणीतरी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलेले असावे, हे भाग्य मराठी माणसाला आयुष्यात एकदाच लाभते, आणि तेही शाळा सोडताना. पुढे लग्न होते, चाळीस वर्षे संसार होतो, पण बायको असे काही लेखी देत नाही. मागून पाहा!

शाळा सोडल्याचा दाखला हा कागद आपल्याकडे वेदांसारखा आहे. तो खरा की खोटा हे कुणी विचारत नाही. तो आहे, म्हणून बाकीचे सगळे खरे. माझ्या वडिलांचा जन्म एक जूनचा. आमच्या महालातल्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा एक जूनचाच. इतक्या बायका एकाच दिवशी बाळंत झाल्या असत्या तर सुइणींनी गाव सोडले असते. खरी गोष्ट अशी, की नाव घालायला आलेली आई सांगायची, “पोळ्याच्या आगेमागे झाला जी, पाऊस लागला होता.” गुरुजींना रकाना भरायचा असे. ते हिशेबाने वर्ष धरायचे आणि एक जून टाकून मोकळे व्हायचे. पोळ्याला झालेले आमचे वडील त्यामुळे एकतीस मे रोजी नोकरीतून निवृत्त झाले आणि कुणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. वडिलांना तर नाहीच.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे माझी भाची. प्रतापनगरात राहते. तिने आणि जावयांनी ठरवले, की पोरीला शाळेत घालायचेच नाही, घरीच शिकवायचे. पोरगी आता आठ वर्षांची आहे. मला ही बातमी कळली तेव्हा पोरगी शिकेल कशी, अशी शंकाही आली नाही. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा : “अगं, पण दाखल्याचं काय?”

भाची हुशार. तिने मला कायदाच वाचून दाखवला. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. (तारीख सरकारने निवडली आहे, मी नव्हे.) सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण. आता सक्ती कुणावर? तर कायदा म्हणतो, सरकारवर. पण आईबापांनी मुलाला शाळेत घालावे, हे त्यांचे कर्तव्य आहे असेही तिथेच लिहिले आहे. ते न केल्यास शिक्षा काय, यावर मात्र कायदा गप्प. आणि घरी शिकवण्याचे नावच नाही. म्हणजे भाचीचे घर कायद्याच्या आतही नाही आणि धड बाहेरही नाही. वऱ्हाड्यांनी मांडवाच्या दोरीशी उभे राहावे, तसे.

मध्यंतरी शाळाबाह्य मुलांची पाहणी करणाऱ्या एक बाई तिच्याकडे आल्या. ‘शाळाबाह्य’ हा शब्द मला फार आवडतो. समुद्राबाहेर मासा, तसे शाळेबाहेर मूल. ४ जुलै २०१५ ला तर महाराष्ट्रभर एका दिवसात अशी मुले शोधायची मोहीम निघाली होती. वीटभट्टीवरची, फुटपाथवरची लेकरे सापडावीत म्हणून ती हवीच, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. बाईंनी पोरीला विचारले, “काय शिकतेस?” पोरीने त्यांना संत्र्याचा आंबिया बहार कोणता आणि मृग बहार कोणता, झाडाला ताण का देतात, हे पंधरा मिनिटे सांगितले. बाई खूष झाल्या. मग त्यांनी कागद काढला, शाळेत न जाण्याची कारणे वरून खाली वाचली, पुन्हा खालून वर वाचली, आणि ‘इतर’ या शब्दापुढे खूण करून चहा घेतला.

शेजाऱ्यांकडे याच्यावर उपाय तयार होता. “मामाजी, काहून टेन्शन घेऊन राहिले? नाव कुठंतरी पटावर टाकून द्या ना. जायचं कोणाला आहे?” आणि हे खरेच आहे. अकरावी-बारावीला कॉलेजात नाव आणि पोरगा दिवसभर क्लासमध्ये, हे नागपुरात कुणाला नवीन आहे? तो सरकारदप्तरी नियमित विद्यार्थी. शिकणारी आमची नात मात्र शाळाबाह्य! मला शेजाऱ्यांचे म्हणणे पटत होते. भाची म्हणाली, “मामा, हजेरी खोटी लावायची आणि मग तिला खोटं बोलू नकोस म्हणायचं, ते कसं जमायचं?” मी एक जूनचा दाखला दिला. ती म्हणाली, “ते गुरुजींना खरं माहीत नव्हतं. मला माहीत आहे.” यावर मी चष्मा पुसला.

तरीही भाचीचे सगळेच मला पटते असे नाही. ती एक फाइल ठेवते. रोज काय वाचले, काय केले, फोटो, तारखा. कुणी मागितलेली नाही, पण उद्या मागितली तर? शाळा टाळता टाळता ती बिचारी स्वतःच हेडमास्तर, कारकून आणि शिपाई होऊन बसली. परवा पोरगी अंगणात मुंग्यांची रांग बघत होती. अर्धा तास झाल्यावर वळून म्हणाली, “आई, हे लिहून घेतलंस ना?” मला त्या पोरीची काळजी वाटली ती त्या क्षणी. शाळा घरात कुठून शिरेल, काही सांगता येत नाही.

पुढचे रस्ते आहेत, नाहीत असे नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी चौदाव्या वर्षी देता येते. आपल्या बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. त्याला मात्र शाळा सोडल्याचा दाखला लागतो, नाहीतर प्रतिज्ञापत्र. जी शाळा धरलीच नाही ती सोडल्याचे शपथेवर कसे सांगायचे, हे मी एका वकिलाला विचारले. त्यांनी फी सांगितली. मुंबईची एक मुलगी घरीच शिकून, बारावी न करता, २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. आपल्या आयआयटीत बारावीवाचून तिला दार बंद होते. पण प्रत्येक पोरीला काही आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडची पदके नसतात.

भाची विनोबांचे नाव घेते. विनोबांनी आपली प्रमाणपत्रे आईसमोर चुलीत घातली, आणि १९१६ मध्ये परीक्षेला म्हणून मुंबईला निघून मध्येच सुरतेला उतरून काशी गाठली. पवनार आमच्यापासून काय, तास-दीड तास. पण मी तिला म्हटले, बाई गं, त्यांनी जाळली ती स्वतःची. आणि ते ब्रह्मचारी होते. त्यांच्या नातवाला जात पडताळणीला जावे लागणार नव्हते. आपल्याकडे १९५०, १९६१, १९६७ च्या आधीचे पुरावे मागतात, तेव्हा लोक आजोबांच्या प्राथमिक शाळेत जाऊन वाळवी लागलेले रजिस्टर उघडायला लावतात. ज्या आजोबांना वर्गाबाहेर बसवले, त्यांचीही एक ओळ त्या रजिस्टरात असते, आणि नातवाचे मेडिकल त्या ओळीवर उभे राहते. कागदाला हसणे आपल्याला परवडते, कारण आपले कागद कपाटात आहेत. भाचीला एम.एस्सी.चे गुणपत्रक आहे. पोरीला काय आहे? भाची यावर बराच वेळ बोलली नाही.

पोरगी दाराआडून ऐकत होती. म्हणाली, “आजोबा, दाखला शाळा सोडल्यावर मिळतो ना? मग मी एक दिवस जाऊन सोडून येते.” कायद्याने ते जमण्यासारखे आहे. वयाप्रमाणे वर्गात घ्यावेच लागते, कागद नसला तरी. मी तसे सांगितले. तेव्हापासून ती दप्तर मागते आहे, आणि एका दिवसाने आवडली तर काय करायचे, हे भाची मला विचारते आहे.