बॅटमॅनने लिहिलं म्हणून ते खरं?

१९८५ साली डीसी कॉमिक्सने ‘अमेरिका व्हर्सेस द जस्टिस सोसायटी’ नावाची चार अंकांची मालिका काढली. त्यात बॅटमॅन मेलेला आहे आणि त्याची डायरी बाहेर आली आहे. डायरीत लिहिलंय की दुसऱ्या महायुद्धात जस्टिस सोसायटीचे सुपरहिरो हिटलरला फितूर होते. झालं, अमेरिकन संसदेची समिती चौकशीला बसते.

आता तुम्हीच सांगा, बॅटमॅन खोटं कशाला लिहील?

मला वाटतं, खरी गोम इथेच आहे. माणूस सच्चा असला की त्याचा आरोपही सच्चा, असं आपण सहज धरून चालतो. मालिकेत हिरोंची वकील असते हेलेना वेन, म्हणजे बॅटमॅनचीच मुलगी. बापावर तिचा जीव आहे, पण बापाचा शब्द म्हणजे पुरावा नव्हे हे तिला कळतं. शेवटी आरोप टिकत नाही.

या सुपरहिरोंवर ही वेळ आधीही आली होती. डीसीच्याच एका जुन्या कथेत १९५१ साली अशीच एक समिती त्यांना सांगते, निष्ठा सिद्ध करायची तर मुखवटे उतरवा. ते नकार देतात आणि निवृत्त होतात. ज्यांनी देशासाठी जीव धोक्यात घातला, त्यांचं काम कुणी विचारतच नाही. सगळ्यांना चेहरा हवा असतो.

युद्धात फितुरी होते, तेव्हा चौकशी हवीच. पण ‘तू काय केलंस?’ या प्रश्नाला उत्तर असतं. ‘तू नक्की आमचाच ना?’ याला कुठलंच उत्तर पुरत नाही. १९४२ पासून अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबलं. त्यातले बहुतेक अमेरिकन नागरिकच होते. कुणी काय केलं, हे एकेकाला विचारलंच गेलं नाही. वंश पुरेसा ठरला. पुढे १९८८ साली सरकारने कायदा करून माफी मागितली.

आज ‘देशद्रोही’ हा शब्द टाइप करायला दोन सेकंद लागतात. तो लिहिणारा आपला आवडता माणूस असेल, तर फॉरवर्ड करायला त्याहून कमी. म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केलाय: आरोप कुणी केला हे नंतर बघायचं, आधी विचारायचं, ‘त्याने केलं काय?’ उत्तर मिळेपर्यंत अंगठा आवरायचा.