काळोखांतली धांव

मुख्य वचन : इब्री १२:१, २



नॉर्वे देशाच्या उत्तर भागीं ट्रॉम्सो नांवाचें शहर एका बेटावर वसलेलें आहे. तेथें नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाहीं. मध्यान्हीं कांहीं वेळ निळसर संधिप्रकाश पडतो, आणि पुनः रात्र. अशा काळांत, जानेवारीच्या आरंभीं, तेथें एक शर्यत होत असते. पुरी मॅराथॉन ४२ किलोमीटरांहून थोडी अधिक. ही तिच्या निम्मी, म्हणजे सुमारें २१ किलोमीटरांची. तिसऱ्या प्रहरीं देशोदेशींचे लोक बर्फाच्या रस्त्यानें धांवूं लागतात. पाय घसरूं नये म्हणून पुष्कळांच्या बुटांच्या तळव्यांस बारीक खिळे असतात.

आकाश निरभ्र असलें तर कधीं कधीं त्यांच्या डोक्यावर एक अद्भुत प्रगट होतें. हिरव्या प्रकाशाचे पडदे वाऱ्यानें हालावे तसे डोंगरांवर लहरूं लागतात. हाच ध्रुवीय प्रकाश. नॉर्वेचेच शास्त्रज्ञ क्रिस्तियन बिर्कलँड यांनीं इ. स. १९०० च्या सुमारास प्रयोग करून याचें मूळ सूर्यांत आहे असें प्रतिपादन केलें. सूर्यापासून निघालेले विद्युद्भारित कण पृथ्वीच्या चुंबकशक्तीनें ध्रुवांकडे वळविले जातात, आणि १०० किलोमीटर व त्याहून अधिक उंचीवर प्राणवायूशीं त्यांची गांठ पडली म्हणजे तो हिरवा प्रकाश देतो.

विचार करा! ज्या सूर्याचें मुख त्या लोकांस आठवडेच्या आठवडे दिसत नाहीं, त्याचेंच कार्य त्यांच्या माथ्यावर चाललेलें असतें.

आमच्या मंडळ्यांतही अशी दीर्घ रात्र येते. बाप्तिस्मा घेतला, आणि त्याच वर्षीं पीक बुडालें. प्रार्थना केली, तरी मूल गेलें. भाऊबंदांनीं बोलणें टाकिलें. मग शेजारी विचारितात, “तुमचा देव कोठें आहे?” आणि रात्रीं अंथरुणावर तोच प्रश्न आम्ही स्वतःसही विचारितों. आम्हां पाळकांसही तो सुटलेला नाहीं. अशा वेळीं कित्येक म्हणतात, “कांहीं चमत्कार दिसेल तर विश्वास धरूं,” आणि चमत्काराची वार्ता ऐकूं येईल त्या गांवाकडे धांवतात.

प्रियांनो, ट्रॉम्सोचा धांवणारा काय करितो तें पाहा. आकाशांत प्रकाश दिसला तर त्याचें अंतःकरण हर्षतें. पण वर पाहतच धांवेल तर तो बर्फावर पडेल. आणि ढग आले तर? तरी शर्यत होतेच. जो केवळ प्रकाश पाहावयास आला तो खिन्न होऊन परत जातो. जो धांवावयास आला तो शेवटास पोहोंचतो.

देव चिन्ह देईल तर त्याचे उपकार माना. न देईल तर थांबूं नका. स्तोत्र ११९:१०५ यांत ज्या दिव्याविषयीं सांगितलें आहे तो सारी वाट दाखवीत नाहीं, पुढचें पाऊल दाखवितो. आणि धांवणाऱ्यास तेवढें पुरे. उपदेशक बंधूंनो, कंदील हातीं घेऊन तुम्ही एका वाडीहून दुसऱ्या वाडीस जातां, तेव्हां हें तुम्हांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे. ज्या घरांत मूल गेलें तेथें मोठें भाषण करूं नका. त्यांच्याजवळ बसा, त्यांच्याबरोबर रडा, आणि पुढच्या पावलापुरता दिवा धरा.

जानेवारीच्या २१ तारखेच्या सुमारास ट्रॉम्सोच्या डोंगरांआडून सूर्य पुनः दर्शन देतो. लोक आनंद करितात, त्या दिवसाचे गोड पाव खातात. डिसेंबरच्या काळोखांत तेथें कोणी सूर्य मेला असें म्हटलें नव्हतें. मग ज्यानें वधस्तंभाचा अंधार स्वतः सोसला, आणि तिसऱ्या दिवशीं जो उठला, त्याजविषयीं आम्ही तसें कां म्हणावें? त्याच्याकडे लक्ष लावून धीरानें धांवूं या. आमेन.