ऐवजीचा अधिकार

मागावे एक आणि हाती पडावे दुसरे, हा अनुभव माणसाला नवा नाही. परंतु घरबसल्या फोनवरून वाणसामान मागविण्याची सोय झाल्यापासून तो नित्याचा झाला आहे, आणि नित्याची झालेली गोष्ट विचाराला पारखी होते. या अनुभवाच्या पोटी एक नैतिक प्रश्न दडला आहे, याकडे आमचे लक्ष एका मिठाच्या पाकिटाने वेधले. ती हकीकत प्रथम सांगतो.

आमच्या काकी पेडणे तालुक्यातील मूळ घरी एकट्या राहतात. आमचे बिऱ्हाड डिचोलीस. त्यात वकिलीची धावपळ. म्हणून त्यांचे महिन्याचे सामान आम्ही एका मोठ्या दुकानाकडे फोनवरून नोंदवितो आणि दुकानाची गाडी ते त्यांच्या दारी पोचविते. गेल्या पावसाळ्यात यादीतले साधे मीठ दुकानात शिल्लक नव्हते. दुकानाने त्याऐवजी कमी सोडियमचे मीठ पाठविले आणि ते महाग असूनही पैसे मात्र साध्या मिठाचेच लावले. वरवर पाहता हे औदार्यच म्हणावयाचे. पण अशा मिठात बहुधा सोडियम क्लोराइडचा काही भाग कमी करून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. काकींना मूत्रपिंडाचा जुना विकार आहे व त्यांच्या आहारात पोटॅशियम जपून असावे अशी डॉक्टरांची ताकीद आहे. निरोगी माणसाला जे मानवते, तेच दुर्बल मूत्रपिंडाच्या माणसाच्या रक्तात साठून हृदयाची गती बिघडवू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, तीतूनही मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांना वगळले आहे. सुदैवाने पाकिटाचा रंग निराळा दिसला, म्हणून काकींनी ते न फोडता आम्हांस फोन केला. “अरे, हे आपले मीठ नव्हे. हे चालेल म्हणून कोणी सांगितले?”

दुकानाला जाब विचारावा म्हणून आम्ही मागील नोंदी उघडल्या, तेव्हा उत्तर मिळाले. ‘वस्तू नसल्यास मिळतीजुळती चालेल’ या ओळीपुढची खूण आम्हीच, कित्येक महिन्यांपूर्वी, घाईघाईत केलेली होती. कायद्याच्या दृष्टीने दुकानदार बव्हंशी सुटला. परंतु मनाचे समाधान झाले नाही. आणि जेथे कायद्याचे समाधान होऊनही मनाचे होत नाही, तेथे विचारास आरंभ करावा हे बरे.

आमच्या लहानपणी, म्हणजे चाळीस-एक वर्षांपूर्वी, पेडण्याच्या बाजारात ज्या पोसऱ्यावर आम्हांस सामानासाठी धाडीत, तेथला पोसरकार फार शिकलेला नव्हता. सांगितलेला जिन्नस नसला की तो दुसरा पुढे करून म्हणे, “हें आसा. पूण वच, आवयक विचारून यो.” भर पावसात घरी जाऊन परत येणे आमच्या जिवावर येई. त्याला ते दिसत असे. तरी आईला विचारल्यावाचून तो पुडी बांधीत नसे. त्या वेळी आम्हांस तो हट्टी वाटे. आज वाटते की, बदली वस्तूसंबंधीचे सारे नीतिशास्त्र त्याच्या त्या चार शब्दांत होते.

बदली वस्तू देणे हे काही पाप नव्हे. आपल्या पूर्वजांनी या गोष्टीचा विचार यज्ञासारख्या काटेकोर विषयातही केला आहे. पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात ‘प्रतिनिधी’चा, म्हणजे बदली द्रव्याचा, ऊहापोह आहे. यज्ञाचे तांदूळ नष्ट झाले तर यज्ञ सोडून देऊ नये. तांदळाशी सदृश असे नीवार, म्हणजे रानधान्य, घ्यावे. तेही गेले तर पुढचे द्रव्य निवडताना सादृश्य पाहावे ते मूळ तांदळाशी, नीवाराशी नव्हे. नाहीतर बदलीला बदली देत देत माणूस मूळ वस्तूपासून कोठल्या कोठे जातो. जे द्रव्य मुळातच निषिद्ध, ते कितीही सदृश असले तरी प्रतिनिधी म्हणूनही चालत नाही. आणि देवता, अग्नी, मंत्र व मुख्य क्रिया यांना प्रतिनिधी नाही. तसाच ज्याच्यासाठी यज्ञ चालला आहे त्या स्वामीलाही नाही. द्रव्य बदलेल, ज्याचा हेतू आहे तो माणूस बदलणार नाही.

आपल्या घरच्या पूजेतही हेच दिसते. वस्त्र नसले तर आपण अक्षता वाहतो. पण वस्त्राऐवजी अक्षता अर्पण करतो, असे उघड म्हणून वाहतो. देवापुढेही बदली लपवून चालत नाही. चवथीच्या माटोळीस एखादे रानफळ मिळाले नाही तर दुसरे बांधतात व कोणाच्या मनास रुखरुख लागत नाही. कारण ऋतूने जे दिले ते कृतज्ञतेने टांगावे, हाच तेथील हेतू. हेतू विस्तृत असला की बदलीस वाव मोठा. हेतू नेमका असला की वाव उरतच नाही. हरमलच्या मिरचीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचाही अर्थ इतकाच की, तिच्या जागी दुसरी कोणतीही लाल मिरची ठेवून तिचे नाव सांगता येणार नाही. दुकानाच्या यंत्राला मात्र फडताळ, वजन आणि किंमत जुळली की दोन वस्तू सारख्या वाटतात. मीठ ते मीठच! पण सारखेपणा वस्तूंच्या अंगी नसतो; तो मागणाऱ्याच्या हेतूवरून ठरतो, आणि हेतू मागणाऱ्यालाच ठाऊक असतो. म्हणून सादृश्याचा निवाडा त्याच्याकडेच राहिला पाहिजे.

आमच्या व्यवसायातील ग्रंथही याहून वेगळे सांगत नाहीत. १८७२ च्या करार कायद्याचे तेरावे कलम म्हणते की, एकाच गोष्टीला एकाच अर्थाने दोघे कबूल झाले, तरच ती संमती. १९३० च्या मालविक्री कायद्यान्वये कराराच्या मालात वेगळ्या वर्णनाचा माल मिसळून आला, तर ग्राहकाने बरोबर तेवढा ठेवावा व उरलेला नाकारावा, किंवा सगळाच नाकारावा. मात्र नाकारल्याचे वेळेवर कळवावे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तर ग्राहकाची संमती त्याच्या स्पष्ट कृतीनेच घ्यावी, आधीच खूण करून ठेवलेल्या चौकटी चालणार नाहीत, असे बजावले आहे. पण आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते करार कायद्याचे २१४ वे कलम. अडचण उद्भवली असता मुखत्याराने आपल्या धन्याशी संपर्क साधण्याची व त्याचा आदेश मिळविण्याची सर्व वाजवी खटपट केली पाहिजे, असे ते सांगते. पेडण्याच्या पोसरकाराने हे कलम वाचले असण्याचा संभव नाही. तरी “आवयक विचारून यो” हे त्याचेच भाषांतर होय.

यावर दुकानदाराची बाजू आहे आणि ती ऐकली पाहिजे. शेकडो याद्या भरणाऱ्या नोकराने प्रत्येक जिनसासाठी फोन करीत बसावे काय? ग्राहक फोन उचलत नाहीत, आणि रिकामी पिशवी गेली तर तेच कुरकुरतात. हे खरे आहे. म्हणून आगाऊ संमती घेण्यास आमची हरकत नाही. परंतु ती जिनसागणिक घ्यावी. दुधाची पिशवी अमक्याऐवजी तमक्याची चालेल. औषधासारखे पथ्याचे अन्न चालणार नाही. शिवाय एक गोष्ट विसरता येत नाही. आमच्या वतीने निवड करणारा दुकानदार हा त्याच क्षणी विकणाराही असतो. जो माल त्याला खपवावयाचा आहे, तोच त्याला अधिक सदृश भासणे मनुष्यस्वभावास धरून आहे. स्वस्त वस्तूचे आमिष दाखवून ऐनवेळी ‘ती संपली’ म्हणत महाग वस्तू पुढे करणे, या प्रकाराची गणना २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या युक्त्यांमध्ये झाली, ती उगाच नव्हे. जेथे मुखत्याराचा स्वतःचा स्वार्थ गुंतला आहे, तेथे विचारण्याचे कर्तव्य दुप्पट होते.

आता आपल्या स्वतःकडे वळू. ‘काहीही चालेल’ अशी खूण करून मोकळे व्हावयाचे आणि नको ती वस्तू आली की दारात भिजत उभ्या असलेल्या मुलावर तोंडसुख घ्यावयाचे, हा प्रकार आम्ही पाहिला आहे व एकदोनदा केलाही आहे. त्या मुलाने वस्तू निवडलेली नसते. त्याला पिशवी मिळते व पत्ता मिळतो. ज्याच्या हाती अधिकार नव्हता त्याच्या माथी दोष मारणे, हीही एक बदलीच. अपराध्याऐवजी जो समोर सापडला तो.

आणि याहूनही मोठी बदली आमच्या घरी घडली होती. मीठ खाणार होत्या काकी, आणि चालेल असे म्हटले आम्ही. पेडण्यात आणि डिचोलीत आज अशी कितीतरी घरे आहेत की, जेथे म्हातारी माणसे राहतात आणि पणजी, मुंबई किंवा आखातात असलेली त्यांची मुले त्यांच्या चुलीचे सामान बोटाच्या टोकाने नोंदवितात. त्यात माया असते यात संशय नाही. पण माया आपल्याला दुसऱ्याच्या वतीने बोलण्याची सवय लावते, आणि हळूहळू त्या दुसऱ्याला विचारण्याची गरजच भासेनाशी होते. दुकानाने आम्हांस विचारले नाही म्हणून आम्ही रागावलो होतो. परंतु आम्ही तरी काकींना कधी विचारले होते? स्वामीला प्रतिनिधी नाही, हे मीमांसेचे वचन आम्ही तिऱ्हाइताला ऐकविण्यास निघालो होतो. ते प्रथम लागू होत होते आम्हांसच.

त्या महिन्यापासून यादी पाठविण्यापूर्वी आम्ही काकींना फोन करून एकेक जिन्नस वाचून दाखवितो. वेळ जातो. उकडे तांदूळ नसले तर काय, तूरडाळ दुसऱ्या जातीची चालेल काय, असे विचारावे लागते, आणि मध्येच शेजारच्या घरची हकीकतही ऐकावी लागते. परवा मिठाशी आलो. “काकी, आपले मीठ मिळाले नाही तर त्याऐवजी काय पाठवू?” त्या म्हणाल्या, “काही पाठवू नकोस. शेजारून वाटीभर घेईन आणि मागाहून परत करीन.”

‘काही नको’ हेही एक उत्तर असते, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते.