जुन्या भट्टीचा सुटा भाग

वस्तु विकली कीं विकणाऱ्याचें कर्तव्य संपलें, असें व्यवहार सांगतो. परंतु तीच वस्तु वीस-पंचवीस वर्षांनीं अडली, आणि तिचा एक लहानसा भाग कोठेंच मिळेनासा झाला, तर दोष कोणाचा? उत्तर अमेरिकेंतील थंड प्रदेशांत हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाहीं. मिनेसोटा किंवा ओंटॅरिओ येथें हिंवाळ्यांत पारा शून्याखालीं 20 अंशांपर्यंतहि उतरतो. घराच्या तळघरांत बहुधा 'फर्नेस' नांवाची भट्टी असते. ती गॅसवर किंवा तेलावर हवा तापविते, आणि पंखा ती हवा पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत पोंचवितो. ती बंद पडली तर कांहीं तासांत घर गारठतें, पुढें नळांतील पाणी गोठून नळ फुटतात. आतां पुष्कळ मराठी कुटुंबें तिकडे स्थायिक झालीं आहेत. तेव्हां हा प्रश्न आम्हांस अगदींच परका नाहीं.

आपल्याकडील तांब्याच्या बंबाची गोष्ट निराळी. मधोमध निखाऱ्यांची नळी, भोंवतीं पाणी, खालीं जाळी, बाजूला तोटी. जाळी जळाली किंवा तोटी गळूं लागली तर बंब पुण्याच्या तांबट आळींत न्यावा. तो कोणीं घडविला हें तांबट विचारीतहि नसे. माप घेई, ठोकठाक करी, नवा भाग बसवून देई. बंब घडविणाऱ्याच्या विद्येंत सारेच तांबट भागीदार होते. म्हणून घडविणारा मेला तरी बंब अनाथ होत नसे.

भट्टीच्या दाराआंत एक पट्टी असते. तीवरील मॉडेलचा आकडा हीच तिची जन्मपत्रिका. कांहीं भाग उदार असतात. ज्या जुन्या भट्टींत सतत तेवणारी लहान ज्योत असते, तींत ती विझतांच गॅस तोडणारें थर्मोकपल अनेक कंपन्यांच्या भट्ट्यांना सारखेंच चालतें, आणि थोडक्या पैशांत मिळतें. पंख्याची मोटरहि शक्ति, वेग, विजेचा दाब आणि फिरण्याची दिशा जुळल्यास दुसरीकडची बसवितां येते. परंतु सर्किट बोर्ड त्या एका मॉडेलापुरताच केलेला असला, आणि कारखान्यानें तो करणें सोडलें असलें, तर भंगारवाल्याच्या दारीं जाण्यावांचून गति उरत नाहीं. (इतके भाग बदलल्यावर भट्टी तीच राहिली काय, हें नागसेनाचा रथ आठवणाऱ्यांनीं सावकाश ठरवावें; गारठलेल्या घरांत तो प्रश्न कोणी काढीत नाहीं.)

कारखानदार म्हणेल, चाळीस वर्षांचे भाग सांठवावे तर त्या वखारीचें भाडें नव्या गिऱ्हाइकाच्याच माथीं बसेल. हें खोटें नाहीं. युरोपीय संघांत 2021 पासून कपडे धुण्याच्या यंत्रांचे ठराविक भाग, त्या जातीचें शेवटचें यंत्र बाजारांत आल्यावर निदान 10 वर्षें मिळालेच पाहिजेत असा नियम लागू झाला. त्यालाहि मुदत आहेच. अनंतकाळ भाग पुरविण्याचें ऋण आम्ही कोणावर लादीत नाहीं. पण स्वतः भाग करणें सोडल्यावर त्याचें माप आणि आकृति गुप्त ठेवण्याचें समर्थन कसें व्हावें? आपण करावयाचें नाहीं आणि दुसऱ्यासहि करूं द्यावयाचें नाहीं, ही मालकी नव्हे, अडवणूक आहे.

दुरुस्तीचा हा हक्क मानूनहि एक अपवाद आम्ही आग्रहानें करूं. ज्वाळा आणि घरांतील हवा यांमधील धातूचा पडदा, म्हणजे हीट एक्स्चेंजर, चिरला तर कार्बन मोनॉक्साइड घरांत शिरूं शकतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. झोपलेलीं माणसें झोपेंतच जातात. थर्मोकपल बिघडलें तर गॅस बंद होतो, थंडी वाजते, इतकेंच. पडदा बिघडला तरी भट्टी मात्र चालूच राहूं शकते. असला भाग भंगारांतून आणून बसविणें ही काटकसर नव्हे. तेथें जुन्या वस्तूवरील माया आवरलीच पाहिजे.

अडचण अशी कीं, ती चीर गृहस्थास सहसा दिसत नाहीं, आणि ती आहे असें सांगणारा पुष्कळदां नवी भट्टी विकणाराच असतो. त्याला लबाड ठरविण्याचें कारण नाहीं. पण चीर डोळ्यांनीं दाखवा, असें म्हणण्यांत संकोच कसला? बारीक कॅमेरा आंत घालून पाहतां येतें. दिसली, तर नवीची किंमत मोजावी. टाळाटाळ झाली, तर भट्टी बंदच ठेवून दुसरा कारागीर बोलवावा, आणि पहिला काय म्हणाला तें त्याला आधीं सांगूं नये.