हमीदचा चिमटा आणि बारा-तेराचा पाना

कथेचा अर्थ लेखकाने सांगायचा की वाचकाने लावायचा, हा वाद साहित्य संमेलनांच्या मांडवात पुष्कळदा झाला आहे. आम्हा चौघा मित्रांत तो चहाच्या टपरीवर होतो, आणि त्याच्या जोडीला गाडीचा विषय हटकून असतोच. आम्ही दोघे जळगावचे, दोघे धुळ्याचे. मधल्या नव्वदेक किलोमीटरच्या रस्त्यावर, एरंडोलला किंवा पारोळ्याला, महिन्यातला एखादा रविवार जमवायचा. एक गॅरेजवाला, एक कापड दुकानदार, एक एसटीतला कंडक्टर आणि एक उर्दू शाळेतला मास्तर, म्हणजे हे लिहिणारे. मंटो, प्रेमचंद यांच्यावरून सुरू झालेले बोलणे जुनी गाडी घ्यावी की नाही, ती डावीकडे का ओढते, मे महिन्यात काटा वर का चढतो, इथवर केव्हा येऊन पोचते ते कळतही नाही. खानदेशात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा काट्याचा प्रश्न काही फावल्या वेळचा नसतो.

आमच्या गॅरेजवाल्या दोस्ताची एक सवय आहे. गाडी एका बाजूला ओढते म्हटले की आम्ही तिघे एका सुरात 'अलाइनमेंट' म्हणतो. तो मात्र आधी चारही चाकांची हवा बघतो. गाडी गरम होते म्हणून लोक रेडिएटरमध्ये पाणी ओततात. काटा खाली येतो आणि मालक खूश होतो. हा विचारतो, "आधीचे पाणी गेले कुठे?" पाइप फुटला असेल, पंप गळत असेल, नाहीतर हेड गॅस्केट गेले असेल. ते न शोधता पाणी ओतत राहिले तर इंजिन बसते, आणि गाडी मालकाची असल्यामुळे चुकीच्या निदानाचा भुर्दंडही त्यालाच पडतो.

कथेचे तसे नसते. चुकीचा अर्थ लावलेली कथा रस्त्यात बंद पडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ती आरामात चालते, आणि भुर्दंड कुणी तिसराच भरतो. आम्हाला हे सुचले ते एका मुलामुळे.

या दोस्ताच्या गॅरेजवर एक विधवा बाई आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलगा सातवीत. "याला कामाला ठेवा, हाताला हुनर लागेल, घराला चार पैसे येतील." मुलगाही तयार होता. म्हणाला, अम्मीला शिलाईकाम झेपत नाही. पुढच्या बैठकीत दोस्ताने हे सांगितले तेव्हा कापडवाल्याचे डोळे भरून आले. "हा तर आपला हमीद!" तो म्हणाला.

'ईदगाह' ही प्रेमचंदांची कथा १९३३ सालची. आपल्यापैकी बहुतेकांनी ती शाळेत वाचली आहे आणि आम्ही ती वर्गात शिकवतो. तिच्याखाली प्रश्न ठरलेला असतो : या कथेतून कोणता बोध मिळतो? उत्तरही ठरलेले : गरीब मुलाने हट्ट करू नये, समजूतदार व्हावे. मुले ते सुंदर अक्षरात लिहितात आणि पूर्ण गुण घेतात.

पण कथा पुन्हा उघडून बघावी. हमीद चार-पाच वर्षांचा. बाप हैजाने गेला, आई पिवळी पडत पडत गेली. ईदच्या दिवशी अमीनाकडे उरतात दोन आणे, म्हणजे आठ पैसे. त्यातले तीन ती नातवाच्या खिशात घालते आणि पाच आपल्या बटव्यात ठेवते. घरात जवळजवळ काहीच नसताना ही म्हातारी तीन पैसे मुलाच्या मौजेसाठी बाजूला काढते. तिने त्याला चिमटा आणायला पाठवले नव्हते. तो चिमटा घेऊन येतो तेव्हा आधी ती संतापते : दुपार झाली, काही खाल्ले नाही, प्यायले नाही, आणि आणले काय तर चिमटा! कारण कळल्यावर मग ती रडते आणि दुआ देते. शेवटी प्रेमचंद आजीचे आणि नातवाचे वय उलटेपालटे करून दाखवतात. त्यात कौतुक आहेच, पण आम्हाला त्यात आक्रोशही ऐकू येतो.

कापडवाल्याला हे पटेना. "तुम्ही मास्तर लोक त्याचा त्यागच काढून घेता. मग कथेत उरते काय?" प्रश्न खोटा नव्हता. आमचे म्हणणे एवढेच की त्याग हमीदचा आहे, तो मोठा आहे, पण तो मागण्याचा अधिकार कथेने कुणाला दिलेला नाही. आपण मोठी माणसे मात्र आज हमीदच्या हातात पैसे न देताच त्याला चिमट्याच्या दुकानावर उभे करतो आणि वर शाबासकी देतो.

(१९३३ सालीच साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्याआधी ते आमच्याच खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते. त्या पुस्तकातूनही आपण 'सोसायला शिका' एवढेच उचलले. श्याम शिकण्यासाठी दापोलीला आणि औंधला जाऊन राहिला, हे किती जणांना आठवते?)

गॅरेजवाला इतका वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी स्वतः अकराव्या वर्षी गॅरेजात आलो. उस्तादने हाक मारायची, 'छोटू, बारा-तेराचा पाना आण,' आणि मी पळायचो. मार खाल्ला, पण आज माझे गॅरेज आहे. मी ठेवला नाही तर पुढच्या चौकातला ठेवील. तो मारेलही." याला कथेतून उत्तर देता येत नव्हते. कायदा त्याला माहीत होता. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही धंद्यात नोकरीला ठेवणे गुन्हा आहे. शाळेबाहेरच्या वेळात घरच्या धंद्याला हातभार लावण्यापुरती सवलत आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदाही २०१० पासून लागू आहे. आणि २००६ च्या सच्चर अहवालाने सांगितलेच होते की या वयाची पंचवीस टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मधूनच बाहेर पडली. त्या पंचवीस टक्क्यांतले किती 'समजूतदार' म्हणून गौरवले गेले असतील!

पण त्याची अडचण त्याच्याच तोंडून बाहेर आली. हल्लीच्या गाड्यांना स्कॅनर लावावा लागतो. त्यावर 'पी-०३००' असा कोड येतो. त्याचा अर्थ मिसफायर. कोणत्या सिलिंडरमध्ये, कशामुळे, हे पुढे वाचून शोधायचे. आवाजावरून इंजिन ओळखणारा हा माणूस ते वाचायला भाच्याला बोलावतो. आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या कोर्सला दहावी लागते. तो दरवाजा त्याच्यासाठी अकराव्या वर्षीच बंद झाला होता.

तेवढ्यात कंडक्टरने हजरत मूसा आणि हजरत खिज्र यांचा किस्सा काढला. "नावेला भोक पाडलेले वरून वाईटच दिसते. पण पुढचा जालिम बादशहा चांगल्या नावा हिसकावून घेत होता. या मुलाची शाळा सुटण्यातही काही हिकमत असेल, आपण कोण सांगणारे?"

सूरे कहफ दर जुम्याला पढणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य आम्ही फार ऐकले आहे. गरिबाच्या दुःखासमोर ते हमखास येते. म्हणून तो किस्साही नीट बघू या. खिज्र स्वतः सांगतात की हे मी माझ्या मर्जीने केले नाही. त्यांना जे इल्म दिले गेले ते आपल्याला दिलेले नाही. ते नसताना नावेला भोक पाडणारा माणूस नुसता नाव बुडवणारा ठरतो. आणि किस्सा तिथे संपतही नाही. तिसऱ्या प्रसंगात पडायला आलेली एक भिंत आहे. गावाने दोघांना जेवूही घातले नव्हते, तरी खिज्र ती भिंत मजुरी न घेता उभी करतात. का, तर तिच्याखाली दोन यतीम मुलांचा खजिना होता, आणि ती जाणती होऊन स्वतः तो काढीपर्यंत तो झाकलेला राहायला हवा होता.

यतीम मुलगा आमच्यापुढे होता. त्याच्या बाबतीत आपल्याला नावेचे भोक आठवावे आणि भिंत आठवू नये, याचे आम्हाला नवल वाटते. भोक पाडायला काही खर्च येत नाही, हे त्याचे कारण असू शकेल.

भिंत बांधायची तर हिशेब करावा लागतो. गॅरेजातून त्या घराला महिन्याला जे दोन-अडीच हजार आले असते, ते कुठून आणायचे? एक पालक असलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिची रक्कम महिना २,२५० रुपये आहे. कागद गोळा केले : वडिलांचा मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड. शेवटचा आम्हीच लिहून आणला. अर्ज गेला आहे. मंजुरी येईपर्यंत चौघांनी वाटून घ्यायचे ठरले. मुलगा शाळेत येतो. रविवारी गॅरेजवर जाऊन बसतो, काम करत नाही, प्रश्न विचारतो. गरम गाडीचे रेडिएटरचे झाकण लगेच का उघडायचे नाही, हे त्याने आम्हालाच समजावून सांगितले.

कापडवाला अजून म्हणतो की आमचा 'ईदगाह'चा अर्थ चुकीचा आहे, आणि हमीद थोर होता तो चिमट्यामुळेच. पहिल्या महिन्याचा हिस्सा मात्र सगळ्यात आधी त्याचाच आला.