सावलीचा मालक

सावलीला मालक असतो काय, हा प्रश्न वरकरणी पोरकट वाटेल. झाडाला मालक असतो, फळाला असतो, लाकडाला तर निश्चितच असतो. सावली मात्र कोणाच्याही सातबारावर चढत नाही. तथापि आमच्यासारख्या खेडेगावच्या धर्मगुरूपुढे जी भांडणे येतात, त्यांतली काही अशा सातबाराबाहेरच्या गोष्टींवरूनच पेटलेली असतात. त्यांपैकी एकाने आम्हांला बरेच दिवस विचारात पाडले.

आधी उन्हाविषयी थोडेसे. वसईचा उन्हाळा विदर्भातल्यासारखा कोरडा नव्हे. पारा तिकडच्या मानाने खालीच राहतो. पण हवेत इतका दमटपणा असतो, की घाम वाळत नाही आणि जीव कासावीस होतो. त्यातच हवामान खाते जे तापमान जाहीर करते ते सावलीतले असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. उघड्यावरच्या माणसाला, गुराला आणि रोपाला जो ताप सोसावा लागतो तो त्या आकड्यात नसतो. मेच्या मध्यास भर दुपारी सूर्य आपल्या नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तेथून जुलैच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे कललेला असतो. घराच्या उत्तरेला कायम सावली असते असे समजून हिवाळ्यात भिंतीलगत लावलेले नेचे मे महिन्यात का करपतात, याचे उत्तर येथे आहे. भिंतीची सावली ऐन गरजेच्या वेळी आखडते. झाडाची सावली त्या वेळी बरोबर त्याच्या पायाशी गोळा होते.

आमच्या धर्मग्रामातील एका वयस्क भगिनीने ही गोष्ट कोणत्याही पुस्तकाविना ओळखली होती. तिच्या घराच्या पश्चिमेला, शेजाऱ्याच्या हद्दीत, एक जुना आंबा होता. दुपारी एकपासून पाचपर्यंतचे जे ऊन आपल्याकडे सर्वांत घातक, ते तो आंबा अडवी. आंब्याची सावली दाट. तिच्याखाली सहसा काही धड वाढत नाही. म्हणून तिने शेजाऱ्याच्या वडिलांना विचारून खालच्या काही फांद्या छाटून घेतल्या होत्या. त्यामुळे उजेड चाळणीतून यावा तसा खाली येई. त्या कवडशांत तिने अळू, हळद, आंबेहळद, अबोली, नेचे आणि विड्याच्या दोन वेली वाढवल्या. भुईचाफा पाने फुटण्याआधीच ऐन उन्हाळ्यात जमिनीलगत फुलतो. तो पाहायला आम्ही मुद्दाम वाट वाकडी करून जात असू. आंब्याची मुळे वरच्या थरात पसरलेली असतात, तेथे कुदळ चालवायची नाही. बुंध्याला माती चढवायची नाही. गळलेली पाने जाळायची नाहीत, रोपांभोवती अंथरायची. पाणी सकाळी आणि मुळाशीच द्यायचे. दमट सावलीत रोप तहानेने मरण्यापेक्षा कुजून मरण्याचा धोका अधिक. संध्याकाळी पानांवर मारलेले पाणी रात्रभर तसेच राहते आणि बुरशीला आवतण देते. दोन रोपांत वारा खेळावा एवढी जागा हवी. हे सारे ती सहज बोलता बोलता सांगे. अळूची पाने साऱ्या आळीत वाटली जात. अठरा वर्षे हा संसार चालला.

मग शेजारच्या घरी थोरल्या मुलाचे लग्न ठरले. दोन खोल्यांत सहा माणसे. आणखी एक खोली बांधायची तर आंब्याखेरीज जागा नव्हती. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ सालापासून आहे. त्याप्रमाणे रीतसर परवानगी काढण्यात आली. मार्चमध्ये झाडावर खूण पडली आणि दोन घरांतला अबोला सुरू झाला. शेजारी आमच्याकडे आला तो रागाने नव्हे, गोंधळून.

‘‘फादर, झाड माझ्या आजोबांचे. मावशीने त्याला तांब्याभर पाणीदेखील घातलेले नाही. सावली तिला फुकट मिळाली, ती आम्ही कधी मोजली नाही. आता फुकटाचे गेले तर अन्याय कसा झाला?’’

मावशीचे म्हणणे त्याहून लहान होते. ‘‘झाड त्याचे आहे, बाबा. पण अठरा वर्षे माझी पाठ मोडली ती कोणाची?’’

कायद्याला विचारावे तर तो शेजाऱ्याच्या बाजूचा. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमात वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने मिळणाऱ्या हक्कांचे जे कलम आहे, त्यात खिडकीतून येणाऱ्या प्रकाशाचे नाव आहे, हवेचे आहे, वाटेचेही आहे. सावलीचे नाव नाही. याचे नवल वाटायला नको. इंग्रजांच्या देशात माणूस उजेडासाठी भांडतो. आमच्या देशात तो सावलीसाठी भांडेल, हे त्या मसुद्यात कोणाच्या मनात आले असेल असे वाटत नाही. आणि सावली नेहमी उपकारकच असते असेही नाही. बांधावरच्या झाडाखाली भात पोसत नाही म्हणून कुरकुरणारे शेतकरी आम्ही पाहिले आहेत. मराठीने यासाठी दोन शब्द ठेवले : सावली आणि सावट. ज्या भूमीत माणसाच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, तिने या विषयावर फार बढाई मारू नये हे बरे.

शेजाऱ्याच्या युक्तिवादातला ‘फुकट’ हा शब्द आम्हांला बोचत राहिला. योनाच्या ग्रंथात अशीच एक फुकटची सावली आहे. निनवे शहराबाहेर तळपत बसलेल्या संदेष्ट्यावर परमेश्वर एका रात्रीत एक झाड वाढवतो. दुसऱ्या दिवशी किडा ते पोखरतो, झाड वाळते आणि योना मरण मागू लागतो. ते झाड कोणते, यावर चर्चमध्ये मोठा कल्लोळ झाला होता. संत जेरोम यांनी लॅटिन भाषांतरात रूढ भोपळ्याच्या जागी आयव्हीचा वेल घातला, तेव्हा त्रिपोलीकडच्या एका मंडळीत लोकांनी एवढा गहजब केला, की तेथील बिशपांना जुना शब्द परत घ्यावा लागला. संत ऑगस्टीन यांनी ही हकीकत जेरोमना पत्राने कळवली आहे. मूळ हिब्रू शब्द एरंडाचा असावा असे पुष्कळ जाणकारांचे मत. ओसाड गावी एरंड बळी, ही आपली म्हण तेथे चपखल बसते!

या कथेवर प्रवचन करताना योनाला खजील करण्याची पद्धत आहे : ज्यासाठी तू कष्ट केले नाहीस, त्या झाडासाठी एवढा संताप? आम्हांला मात्र ती कथा तेवढ्यावर थांबत नाही असे वाटते. परमेश्वर त्या हळहळीला खोटे म्हणत नाही; तिलाच धरून तो योनाला निनवेतील माणसांच्या आणि गुराढोरांच्या दयेपर्यंत नेतो. फुकट मिळालेल्या गोष्टीविषयीही माणसाला जिव्हाळा वाटू शकतो, हे तेथे गृहीत आहे. शिवाय मावशीची स्थिती योनापेक्षा वेगळी. झाड तिने वाढवले नाही. सावली मात्र तिने राबवली. उजेड किती, ओल किती, कोणते रोप कोठे, हे अठरा वर्षे शोधून तिने त्या सावलीला पिकाऊ केले. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने लाखीबाग म्हणून जी पद्धत शिफारस केली, तिच्यात नारळाखालच्या सावलीत जायफळ, दालचिनी आणि मिरी घेतात. तेथे सावलीचा हिशेब उत्पन्नात होतो. मावशीच्या परसात तो झाला नाही, कारण कोणी मांडला नाही.

म्हणजे तिला हक्क आहे काय? आमचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि ते देताना आम्हांला सुख होत नाही. दुसऱ्याच्या उदारपणावर कोणी घर बांधले, तर त्या उदार माणसाचे हात कायमचे बांधले जातात असे मानले, तर उद्या कोणीही आपल्या झाडाखाली कोणाला बसू देणार नाही. परंतु हक्क नाही म्हणजे कर्तव्यही नाही, ही उडी चुकीची आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी मालकी आणि उपभोग यांत भेद केला. वस्तू सांभाळणे आणि तिची व्यवस्था लावणे खासगी असू शकते. तिचा वापर करताना मात्र ती जणू सर्वांची आहे, गरजवंताला सहज द्यावी, या वृत्तीने करावा. सावली तर बोलूनचालून कुंपण न मानणारी. मालकाने झाड पाडावे; पण ‘ते माझे होते’ एवढ्यावर त्याचे बोलणे संपत नाही. कधी पाडावे, कसे पाडावे, कोणाला आधी सांगून पाडावे, एवढे तरी त्याच्याकडे मागता येते.

मार्चमध्ये झाड पाडणे म्हणजे सावलीत वाढलेल्या मऊ पानांना ऐन वैशाखात उघडे करणे. आठवड्यात सारे करपले असते. आम्ही शेजाऱ्याला जूनपर्यंत थांबायला सांगितले. पाऊस आणि ढग रोपांना सवय करून देतात. तोवर एकेक फांदी उतरवावी. मावशीला सांगितले, की पानमळ्यात वेलीच्या आधाराला लावतात तशी शेवरी आणि हादगा हद्दीच्या आत, पश्चिमेला लावावा, मध्ये केळी घालावी. हंगामाभरात कामचलाऊ छाया मिळते. शेजारी लगेच कबूल झाला नाही. खोली लग्नाआधी हवी होती. लग्न मेमध्ये होते. शेवटी नवरदेवानेच बापाला सांगितले, की चार महिने आम्ही ओट्यावर पडदा लावून झोपू. त्या मुलाला कोणी नीतिशास्त्र शिकवले नव्हते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आंबा पडला. नेचे गेले, विड्याची एक वेल गेली. हळद उलट पूर्वीपेक्षा जोमाने फुटली, तिला थोडे ऊन मानवते. भुईचाफ्याचे कंद मावशीने घराच्या पूर्वेला हलवले आहेत. गणपतीच्या सुमारास नव्या सुनेने अळूची पाने मागायला कुंपणापाशी येऊन हाक मारली. मावशीने पाने दिली. बोलणे मात्र अजून सुनेशीच आहे, सासऱ्याशी नाही.